दोन्ही पंख डावे

४ जानेवारी

दादा,

मोठ्यांना साष्टांग नमस्कार लिहायचा असतो, पण माझ्या आठ अंगांपैकी तीन सध्या संपावर आहेत. उरलेल्या पाचांचा गोड मानून घ्या. अक्षर पाहून हे कुणाचं पत्र असा प्रश्न पडला असेल. मीच, तुमच्या धाकट्या बहिणीचा, चिमणीचा नवरा, पेंटर. तीस वर्षं लोकांच्या दुकानांवर पाट्या रंगवल्या त्या उजव्या हाताने. हे डाव्या हाताचं आहे.

अर्धांगाच्या झटक्याचं चिमणीने तुम्हाला कळवलंच आहे. उजवा हात लाकूड झालाय, पाय फरफटत मागून येतो आणि तोंड एका बाजूला उतरलंय. फोन मुद्दामच करत नाही. माझं बोबडं बोलणं कानावर पडलं की समोरचा सावकाश आणि मोठ्याने बोलायला लागतो, जसा काही मी बहिराही झालोय.

डॉक्टरबाई म्हणतात, डाव्या हाताला बारीक काम द्या आणि उजव्याला हळूहळू त्यात ओढा. मी म्हटलं, विमान बांधतो. बाल्साच्या हलक्या लाकडी काड्यांचं, वर टिश्यू कागद ताणलेलं, रबराच्या पिळावर उडणारं. तुम्ही तरुणपणी बांधायचात तसं. बाईंना वाटलं, मी थट्टा करतोय.

आता तुमच्याकडे काम काय ते सांगतो. या घरात मला कुणी नावं ठेवत नाही. काल शर्टाचं एक बटण लावलं, तेही चुकीच्या काजात, तर तुमच्या बहिणीने टाळ्या वाजवल्या. शेजारचा मास्तर रोज येतो आणि मी पाण्याचा पेला उचलला की 'वा' म्हणतो. माणूस मेला की त्याच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. मला ते जिवंतपणी ऐकावं लागतंय. मग बसल्या बसल्या विचार केला की मला तुच्छ लेखणारं कोण उरलंय, आणि तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आला. लग्न ठरलं त्या दिवसापासून तुम्ही मला कस्पटासमान मानत आलात. त्यात एक दिवस खाडा नाही.

तेव्हा विमानाचा नकाशा पाठवा, लाकूड पाठवा. मी बांधेन त्याचे फोटो पाठवीन, त्यांना मनापासून नावं ठेवा. दया दाखवलीत तर मला वास येईल. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुमच्या क्लबाची विमानं इथल्या मैदानावर उडतात, त्यात माझंही उडालं पाहिजे. उडालं तर हा हात अजून माझा आहे असं मी समजेन. नाही उडालं तर डॉक्टरबाईंचा जिना चढणं बंद. खुर्चीत बसेन आणि लोकांच्या वा वा ऐकत दिवस काढीन.

पेंटर


१३ जानेवारी

दाजी,

पत्र मिळालं. वाचायला दोन चष्मे लागले. मागणी विचित्र आहे, पण माझ्या स्वभावाला सोयीची आहे.

माझं मत कशावर उभं आहे याची आठवण करून देतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. लग्न ठरवायला तुम्ही आमच्याकडे आलात. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या होत्या. तीन रिकाम्या. चौथीवर माझं विमान वाळत होतं. तो सबंध हिवाळा मी त्यावर घालवला होता. जावईबापू आले, चारही खुर्च्या न्याहाळल्या आणि बरोबर चौथीवर बसले. वर उठून म्हणाले काय, तर "काहीतरी टोचलं." तुम्हाला टोचलं! त्यावर चिमणी हसली, आणि मला कळलं की पोरगी हातची गेली.

मी आयुष्यभर कारखान्यात माल तपासायचं काम केलं. चुकलेल्या मालावर लाल शिक्का मारायचा, बाकीचा सोडायचा. लाल शिक्का मारताना हात कधी कापला नाही, तुमच्या बाबतीत तर कापायचा प्रश्नच नाही.

सोबत नकाशा, काड्या, टिश्यू, रबर पाठवतोय. नकाशा पाटावर अंथरा, वर मेणकागद, त्यावर काड्या टाचण्यांनी बसवा. काडी ब्लेडने कापायची, दाताने तोडायची नाही. सांध्याला गोंदाचा थेंब. थेंब म्हणजे थेंब. तुम्हाला डबा उपडा करायची सवय आहे, म्हणून दोनदा लिहिलं. गोंदाला वजन असतं आणि वजन उडत नाही. नकाशात पंख एकच काढलेला आहे. ज्याला अक्कल आहे त्याला दुसरा काढून द्यावा लागत नाही.

तुम्ही हे पुरं कराल असं मला मुळीच वाटत नाही.

दादा


१० फेब्रुवारी

दादा,

पत्र वाचून बरं वाटलं. झटका आल्यापासून कुणी माझ्यावर तोंड टाकलं नव्हतं.

सांगाड्याची एक बाजू झाली, मग दुसरी, मग दोन्हींच्या मध्ये आडव्या काड्या घालून उभा केला. फोटो सोबत आहे. डावा हात कापतो, चिकटवतो, टाचतो. उजव्याला मी वजनाचा दगड केलाय. त्याला उचलून पट्टीवर ठेवलं की तो तिथेच राहतो, पट्टी हलत नाही. इतका इमानी नोकर मी आजवर पाहिला नव्हता.

ब्लेडने दोनदा अंगठा कापला. रक्त टिश्यूवर पडलं नाही, त्यामुळे चिंता नसावी. गोंद थेंबच लावलाय. काही थेंब मोठ्या मनाचे निघाले.

मास्तर येऊन सांगाडा पाहून गेला. म्हणाला, "वा, अगदी खऱ्यासारखं!" मी विचारलं, कशासारखं? तर म्हणाला, "तेच आपलं... होडीच ना?"

आता तुमची पाळी.

पेंटर


१८ फेब्रुवारी

दाजी,

मास्तरांचा मला आदर वाटायला लागलाय. होडी नाही, पण बुडेल नक्की.

शेपटीकडून दुसरी आडवी काडी तिरपी आहे. फोटो वाकडा आला असं लिहू नका, मी फोटो पट्टीवर ठेवून पाहिला. तुम्ही म्हणाल, जवळजवळ सरळ आहे. 'जवळजवळ सरळ' असं काही नसतं. एक तर सरळ असतं, नाही तर तुमचं असतं. सांध्यांवर गोंदाच्या गाठी आलेल्या मला इथून दिसतात. नाकाजवळची चौकट चौकोनी हवी, तुमची पतंगासारखी झाली आहे.

तुमच्या पाट्यांचं असंच होतं. पहिलं अक्षर हत्तीएवढं, आणि शेवटच्या अक्षरापर्यंत जागा संपली म्हणून ते बिचारं भिंतीला चेपून उभं. सगळं गाव तुमच्या पाट्यांचं शेवटचं अक्षर अंदाजाने वाचायचं. दुकानदारांना ते चालत असेल. हवेला चालत नाही.

दुसरी काडी कापून काढा. नाकाची चौकट तोडा. पुन्हा करा. पंख करण्याआधी हे झालं पाहिजे.

दादा


४ मार्च

दादा,

तू हे काय चालवलं आहेस? आजारी माणसाला कुणी असं लिहितं का? तुझं पाकीट आलं की हे दात-ओठ खातात, डावी मूठ टेबलावर आपटतात आणि तुझ्या नावाने जे काही बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोबडं असूनही शब्दन् शब्द कळतो. परवा ताटावरून अर्धवट उठले आणि त्या टेबलाशी जाऊन बसले. नाकाची चौकट तीनदा तोडली. तिसऱ्यांदा तर ती मला चांगली चौकोनी दिसत होती.

डॉक्टरबाईंनी मला बजावलं आहे की यांचं मन खचू द्यायचं नाही, मन खचलं तर हातही जाईल. मी जन्मभर तुमच्या दोघांमध्ये उभी राहिले. तू टोमणा मारलास की मी हसण्यावारी नेलं आणि यांनी तोंड फिरवलं की मी पाणी आणायला आत गेले. आता माझ्यात ते बळ नाही.

दोन्ही पंख झाले आहेत. फार जपून केले. फोटो याच पाकिटात आहे. एवढ्या वेळी तरी बरं म्हण. माझ्यासाठी म्हण.

तुझी चिमणी


९ मार्च

चिमणे,

तुझ्या नवऱ्याला तिखट हवं, तुला साखर हवी, आणि वाढपी मी एकटा.

फोटो पाहिला. काम पहिल्यापेक्षा स्वच्छ आहे, हे तुला सांगतो, त्याला नाही. पण त्या शहाण्याने दोन्ही पंख डावे बांधले आहेत. नकाशात डावा पंख काढलेला असतो. उजव्यासाठी कागदाला मागून तेल चोळायचं, म्हणजे तो आरपार दिसतो, मग उलटा अंथरून त्यावर बांधायचं. याने त्याच कागदावर दुसऱ्यांदा तोच पंख बांधला. पंख वरून फुगीर, खालून सपाट, त्यामुळे नुसता पालथा करून भागत नाही. जोडायला जाईल तेव्हा कळेल. तेलाचं मी लिहिलं नव्हतं. ते त्याला सांगायची गरज नाही.

एरवी यावर मी चार पानं लिहिली असती. तू म्हणतेस म्हणून लिहीत नाही. सोबतची चिठ्ठी त्याला दे. मला हे पटलेलं नाही.

दादा


९ मार्च

दाजी,

फोटो मिळाला. पंख उत्तम झाले आहेत. सांधे नीट, फासळ्या सरळ. असंच चालू ठेवा. तब्येतीला जपा.

दादा


२५ मार्च

दादा,

काल पंख जोडायला घेतले. मधोमध टेकवले तर एकाची पुढची कड पुढे आणि दुसऱ्याची मागे. फिरवून पाहिलं, पालथं घालून पाहिलं. मग डोक्यात उजेड पडला. दोन्ही डावे.

आधी हसू आलं. डाव्या हाताने केलं आणि डावंच झालं, म्हटलं, आपलाच गाढवपणा आहे, कुठे जाणार? मग फोटो आठवला. तुमची चिठ्ठी काढून पुन्हा वाचली. पंख उत्तम.

शेपटीकडची एक काडी केसभर तिरपी होती ती तुम्ही पट्टी लावून पकडलीत, आणि समोर ठेवलेले दोन डावे पंख तुम्हाला दिसले नाहीत? दिसले. पाहिलेत आणि मनात म्हणालात, जाऊ दे, बिचारा आहे. 'तब्येतीला जपा' वाचतानाच मला शंका यायला हवी होती. तीस वर्षांत तुम्ही माझ्या तब्येतीची चौकशी केली नव्हती.

तुम्ही मला एवढी वर्षं तुच्छ लेखलंत, त्याचा मला कधी अपमान वाटला नाही. राग यायचा, पण तुच्छ लेखायलासुद्धा समोर माणूस लागतो. काल पहिल्यांदा अपमान वाटला. मास्तर वा म्हणतो, शेजारीण वा म्हणते, तुम्ही उत्तम म्हणालात. शिकलेले आहात म्हणून शब्द जरा मोठा, एवढाच फरक.

चिमणीने तुम्हाला गोड लिहायला सांगितलं असेल. तिला बोल लावत नाही. तिचा माझ्यावर जीव आहे. तुमचा नव्हता, म्हणून तर तुम्हाला लिहिलं होतं.

सगळं खोक्यात भरून पलंगाखाली ढकललं आहे. पत्र पाठवू नका.

पेंटर


१ एप्रिल

दादा,

चूक माझीच झाली. मला वाटायचं, तुझी पत्रं यांना खातात. ती बंद झाली आणि आता हे काहीच करत नाहीत. टेबल मोकळं आहे. डॉक्टरबाईंकडे जायचं म्हटलं की पाय दुखतो म्हणतात. आज सकाळी मी शर्ट घातला, बटणं लावली, आणि हे मुकाट्याने हात खाली सोडून उभे राहिले. पूर्वी माझा हात झटकून टाकायचे, एकेका बटणाला शिव्या द्यायचे, पण स्वतः लावायचे. आज शेवटचं बटण लावलं तेव्हा मला रडू आलं आणि यांनी ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

तू काय लिहायचं ते लिही. मी तुझं पाकीट उघडणार नाही आणि तुला काही सांगणारही नाही.

चिमणी


६ एप्रिल

दाजी,

पत्र पाठवू नका म्हणालात. तुमचं मी कधी ऐकलंय?

हो, दिसले होते. फोटो पाकिटातून अर्धा बाहेर आला तेव्हाच दिसले. दोन डावे पंख बांधणारा माणूस मी याआधीही पाहिला आहे, पण ते बांधून वर कौतुकाची वाट पाहत बसलेला तुमच्यासारखा पाहिला नव्हता. एवढा मोठा नग हाताशी आला आणि मी त्यावर चकार शब्द लिहिला नाही, याची मला किती तळमळ झाली असेल याचा तुम्ही विचार केलात? नाही. स्वतःपुरतं पाहायची सवय.

अपमान तुमचा झाला म्हणता. माझा काय झाला ते ऐका. साहेबांनी खोलीत बोलावून सांगितलं, माल अडकलाय, सोडून द्या, तरी मी कधी सोडला नाही. बढती गेली तरी सोडला नाही. आणि निवृत्त झाल्यावर बहिणीच्या एका पत्रावर सडका माल पास केला. कुणाचा, तर तुमचा! या वयात मला हे दिवस दाखवलेत.

आता खोक्याचं. पंख चुकला म्हणून खोकं पलंगाखाली ढकलणारा माणूस आजारी नसतो, रुसलेला असतो. रुसलेल्या माणसाला मी औषध देत नाही, शिव्या देतो. पंख चुकले कारण तुम्हाला विचारायची लाज वाटली, आणि मला सांगायचा माज होता. आता सांगतो, कान उघडे ठेवा, दोन्ही शाबूत आहेत. नकाशाला मागून स्वयंपाकाचं तेल चोळा. उलटा अंथरा. त्यावर बांधा. लहान पोराला जमतं, म्हणजे तुम्हाला जमायला थोडा वेळ लागेल.

याबरोबर एक खोकं येईल. त्यात एक उजवा पंख आहे. मी बांधलाय. तुमच्या विमानाला लावायला नाही, तेवढा मी उदार नाही. तो तपासा. काट्यावर ठेवा, पट्टी लावा, उजेडात धरा आणि जे दिसेल ते लिहा. माझ्या कामाला नावं ठेवायला मी जन्मात कुणाला बोलावलं नव्हतं. पेंटर माणसाला त्यातलं काय कळणार म्हणा.

शर्टाची बटणं स्वतःची स्वतः लावत जा.

दादा


३ मे

दादा,

उत्तराला उशीर झाला, कारण तपासणी नीट करायची होती.

तुमचा पंख स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. दुसऱ्या पारड्यात माझा डावा. तुमचा खाली गेला. चिमणीला वाटलं काटा बिघडला, म्हणून अदलाबदल करून पाहिली. तुमचाच खाली गेला. सांध्यावर गोंद किती! थेंब म्हणजे थेंब, असं कोण म्हणालं होतं बरं? तिसरी फासळी तिरपी आहे. तुम्ही म्हणाल, जवळजवळ सरळ आहे. टोकाकडे टिश्यूला सुरकुती आहे, तिथे तुम्ही दोनदा वार्निश फिरवून झाकायचा प्रयत्न केलेला दिसतो. माझ्या धंद्यात तीस वर्षं मी हेच केलंय, मला फसवू नका.

निकाल: नापास. लाल शिक्का माझ्याकडे नाही, म्हणून लाल रंगाची डबी उघडली आणि तुमच्या पंखावर 'नापास' रंगवलं. डाव्या हाताने. झटक्यानंतरची पहिली पाटी. शेवटचं अक्षर चेपलेलं नाही, खात्री करून घ्या. रंगाने पंख आणखी थोडा जड झाला असेल, पण त्याचं आता काय मनावर घ्यायचं?

एक विचारतो. हा पंख सवयीच्या हाताचा नाही. शेवटचं विमान तुम्ही कधी बांधलंत?

माझा उजवा मी बांधला. चिमणीने तेल दिलं, मी चोळलं, कागद खरोखर आरपार दिसायला लागला. या वेळी उजव्याला दगडाच्या कामावरून बढती दिली. टाचणी धरायला दिली. पडली. पुन्हा दिली. पुन्हा पडली, मग एकदा राहिली. चिमणी दारात उभी होती. तिला ताकीद आहे, म्हणून तोंड घट्ट मिटून उभी होती.

उरलेला डावा पंख आणि तुमचा नापास उजवा, दोन्ही परत पाठवतोय. एकमेकांना जोडा, खाली काहीतरी बांधा आणि ते घेऊन मैदानावर या. शिवाय मला धरायला माणूस हवा. एकाने विमान धरायचं आणि दुसऱ्याने रबर लांब ताणून पीळ भरायचा. दोन्ही हात धडधाकट असलेल्यालाही हे एकट्याला जमत नाही, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. चिमणी धरते म्हणते, पण रबर करकरलं की ती डोळे मिटेल. तुम्ही धरा. पीळ तुटला तर रबर तुमच्या हातावर सणसणीत बसेल. मला विशेष वाईट वाटणार नाही.

पेंटर


९ मे

दाजी,

खुर्चीवरचं ते शेवटचं. त्यानंतर लाकडाला हात लावला नव्हता. दर रविवारी क्लबात जायचो, लोकांच्या विमानांना नावं ठेवायचो आणि घरी येऊन जेवायचो. लोक मला जाणकार समजतात. तीस वर्षांत विचारलं कुणी नाही, आणि ओळखलंत तुम्ही. याचाही मला त्रासच झाला.

पाटी पाहिली. 'स' ठीक आहे. 'ना' फार मोठा.

शेवटच्या रविवारी येतो. माझं विमान हातातून खाली ठेवणार नाही. खुर्ची कितीही पुढे केलीत तरी.

दादा


३१ मे

दाजी,

घरी पोचलो. क्लबातल्या मंडळींसमोर बोलायचं नव्हतं, म्हणून तपासणीचा अहवाल आता लिहितो.

आधी माझ्या विमानाचं, म्हणजे तुम्हाला संधी मिळायला नको. ते उजवीकडे कलंडलं आणि गुणलेखकाच्या टेबलाखाली गेलं. 'नापास' वर करून पडलं, त्यामुळे ते सगळ्यांना वाचता आलं. तुम्ही एवढे हसलात की तुमचं वाकडं तोंड सरळ झालं. चिमणीनेही पाहिलं.

आता तुमचं. पीळ भरताना तुम्ही घाई केलीत. आधी रबर पूर्ण ताणायचं, मग फिरवत फिरवत हळूहळू जवळ यायचं. तुम्ही निम्मा पीळ व्हायच्या आतच पाय फरफटत माझ्याकडे यायला लागलात. रबर माझ्या मुठीत करकरत होतं आणि मी मनातल्या मनात सगळ्या पूर्वजांची नावं घेत होतो. तुटलं नाही, ते तुमच्या कौशल्याने नाही, रबर चांगलं होतं म्हणून. मीच पाठवलं होतं.

मग सोडायची वेळ आली. विमानाची कूस तुमच्या डाव्या हातात. नाकावरचा प्रोपेलर अडवून धरायला दुसरा हात लागतो, म्हणून मी बोट पुढे केलं. तुम्ही मला कोपराने बाजूला ढकललंत. जोरात ढकललंत, बरगडी अजून दुखतेय. आणि तुमचा उजवा हात वर आला. हळूच आला, कडेकडेने आला, पण कुणी उचलून ठेवला नाही. त्याने प्रोपेलर धरला. चिमणी काहीतरी बोलणार होती. मी तिचा दंड दाबला, तिने माझा दाबला, आणि आम्ही दोघं भांडल्यासारखे उभे राहिलो.

तुम्ही डाव्या हाताने विमान पुढे केलंत आणि उजवा सोडेचना. बोटं उघडेनात. विमान तिथेच थरथरत होतं. मग एक बोट सुटलं, मग बाकीची. नाक खाली गेलं, आणि मग ते गवतावरून वर उठलं. विजेच्या तारांच्या वर गेलं, डावीकडे मोठं वळण घेतलं, दुसरं घेतलं, पीळ संपल्यावरही तरंगत राहिलं आणि कुंपणापलीकडच्या गवतात उतरलं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. माझे डोळे भरून आले होते आणि चष्मा पुसायला दोन्ही हात लागत होते. वारा फार होता.

उडालं. तुमच्या अटीप्रमाणे हात तुमचा आहे.

आता चुका. शेपटी अजून जड आहे. वळण जरा लहान हवं. पण सगळ्यांत मोठी चूक उजव्या हाताची. प्रोपेलर सोडायला त्याने उशीर केला. झटक्यानंतरच्या कामात मी त्या हाताची चूक काढली नव्हती, कारण काम करणाऱ्याचीच चूक काढता येते आणि तो काम करत नव्हता. आता तो कामावर आला आहे, तेव्हा त्याला सवलत नाही. त्याला सांगा, उशीर खपवून घेतला जाणार नाही.

दादा


१० जून

दादा,

उजव्या हाताने लिहितोय. पुढच्या वेळी लवकर सोडीन.


१५ जून

दाजी,

पत्र मिळालं. दोन ओळींना अख्खा कागद संपवलात. पहिलं अक्षर हत्तीएवढं आणि शेवटचं कागदाच्या कडेला चेपलेलं. इतकं गचाळ अक्षर मी जन्मात पाहिलं नाही. चिमणीला दाखवलंत तर ती वा म्हणेल, तिला दाखवू नका.

वाचवत नाही. पुन्हा लिहा.

दादा